आपली गरज आपण सांगताना: डिस्लेक्सिया असलेल्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण

विद्यार्थिनी आणि तिची शाळा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थिनीचे हे प्रकरण आहे. तिची ओळख उघड होऊ नये म्हणून तिचे आणि शाळेचे नाव येथे दिलेले नाही. विशेष शिक्षिका म्हणून मी तिच्याबरोबर आठवीच्या मध्यापासून काम करत आहे, आणि ही नोंद दहावीच्या सुरुवातीपर्यंतची आहे. त्या काळात तिच्या वाचनावरचे उपचारात्मक काम चालूच होते, परंतु या लेखनाचा विषय तो नाही. डिस्लेक्सियाचे, म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन-लेखन अडण्याचे, निदान झालेल्या आणि परीक्षेतील सवलती मंजूर झालेल्या मुलीला त्या सवलती स्वतःच्या तोंडाने मागता याव्यात यासाठी काय करावे लागले, ते कोठे अडले आणि मोठ्या माणसांना कोणत्या ठिकाणी गप्प बसावे लागले, याची ही नोंद आहे.

तिचे वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत मोल्डर आहेत आणि आई घरी शिवणकाम करते. घरात आजी आहे, धाकटा भाऊ आहे. सातवीपर्यंत तिच्या अडचणीची कोणी दखल घेतली नव्हती, कारण तिची वही वर्गात सर्वांत नीटनेटकी होती. फळ्यावरचा मजकूर ती एकेक अक्षर चित्रासारखे पाहून उतरवत असे. वाचता न येणारा मुलगा बहुधा वर्गात दंगा करतो आणि त्यामुळे तरी शिक्षकांच्या नजरेत येतो. शांत, आज्ञाधारक मुलगी मात्र वर्षानुवर्षे वरच्या वर्गात जात राहते, असा माझा अनुभव आहे.

मराठीच्या बाईंच्या लक्षात ही गोष्ट आली ती प्रकट वाचनाच्या तासाला. बाकांच्या क्रमाने परिच्छेद वाचायचा असे, तेव्हा ही मुलगी आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार हे आधीच मोजून ठेवी, शेजारच्या मैत्रिणीकडून तो हळू आवाजात ऐकून घेई आणि पाठ करून म्हणे. एके दिवशी बाईंनी वाचन शेवटच्या बाकापासून सुरू केले आणि तिची पाळी अनपेक्षितपणे आली. ती उभी राहिली, पण तिच्या तोंडून एकही शब्द फुटला नाही. बाई रागावल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी तिला त्याच पाठावर तोंडी प्रश्न विचारले, तेव्हा तिने पाठाचा सगळा आशय, त्यातल्या पात्रांच्या वागण्याच्या कारणांसह, व्यवस्थित सांगितला. ऐकून पूर्ण समजते आणि वाचून मात्र हाती काही लागत नाही, ही तफावत त्या बाईंनी नेमकी ओळखली, आणि पुढच्या सगळ्या गोष्टींचे श्रेय प्रथम त्यांना दिले पाहिजे.

निदान

आधी डोळे आणि कान तपासून घेतले. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांची तपासणी, बुद्धिमापन आणि बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेल्या चाचणीसंचावर आधारित मूल्यमापन झाले. बुद्धिमत्ता सर्वसाधारण आणि वाचन-लेखनात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजेच डिस्लेक्सिया, असा निष्कर्ष निघाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. या अक्षमतेच्या प्रमाणनासाठी २०१८ मध्ये निघालेल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून देता येत असे, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होत असे, आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायम राहत असे. या मुलीला नुकतेच चौदावे वर्ष पूर्ण झाले होते.

निकाल समजावून सांगण्यासाठी आईवडिलांना बोलावले तेव्हा आईने पुष्कळ प्रश्न विचारले. वडील बराच वेळ ऐकत बसले आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, मला बी अक्षरं लागायची न्हाईत. सातवीतनं शाळा सोडली ती त्यापायीच. मास्तर म्हणायचे, ह्याच्या डोक्यात काय शिरत न्हाई." डिस्लेक्सिया अनेक कुटुंबांत पिढ्यांमधून उतरत येतो हे मी त्यांना सांगितले. ज्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेथे शाळेचे दार उघडे असूनही पुस्तकाचे पान बंद राहिलेली माणसे घराघरांत आहेत, आणि आपण वाचू का शकलो नाही याचे कारण त्यांना कोणी कधी सांगितलेले नाही. वडिलांच्या त्या बोलण्याने मुलीवर जो परिणाम झाला तो कोणत्याही समुपदेशनाने झाला नसता. त्या दिवसापर्यंत तिने स्वतःविषयी वापरलेला शब्द 'ढ' हा होता. लेथ, पॅटर्न, साचे यांतले बारकावे जाणणारे आपले वडील ढ नाहीत, हे तिला पक्के माहीत होते.

सवलत होती, पण वापरली जात नव्हती

अधिनियमाचे कलम १६ अध्ययन अक्षमता लवकर ओळखून योग्य ते उपाय करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकते. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा बदलांचा उल्लेख आहे. प्रमाणपत्र हाती आल्यावर मुख्याध्यापकांनी कोणतीही टाळाटाळ न करता तासाला २० मिनिटे जादा वेळ, प्रश्नपत्रिका वाचून दाखवण्याची सोय आणि शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण न कापणे या गोष्टी शालेय परीक्षांपुरत्या मंजूर केल्या.

नववीच्या प्रथम सत्र परीक्षेत तिने यांपैकी काहीही वापरले नाही. इतिहासाच्या पेपरला दोन प्रश्न सोडवायचे राहिलेले असतानाही तिने घंटा होताच उत्तरपत्रिका दिली आणि मैत्रिणींबरोबर बाहेर पडली. पर्यवेक्षक दुसऱ्या वर्गाचे होते, त्यांना तिची सवलत माहीत नव्हती आणि तिने ती सांगितली नाही. आईला हे कळले तेव्हा त्या दुसऱ्याच दिवशी शाळेत गेल्या आणि मुलीच्या देखत, मुलीच्या वतीने, वर्गशिक्षकांशी बरेच बोलल्या. मुलगी खाली मान घालून उभी होती.

आईची तळमळ खरी होती आणि आठवीत त्यांनीच धावपळ केली नसती तर निदानही झाले नसते. परंतु पर्यवेक्षक दर पेपरला बदलतात, आणि आई त्या वर्गात असू शकत नाही. सवलतीचा आदेश कार्यालयातल्या फायलीत असतो, तर गरज परीक्षेच्या खोलीत, त्या क्षणी, त्या मुलीला असते. फाइल आणि खोली यांच्यामधले अंतर तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला ओलांडता येणार नव्हते, आणि म्हणून तिला बोलायला शिकवणे हे आमच्या कामाचे मुख्य उद्दिष्ट ठरले.

पहिली पायरी: आपले वाचन आपण जाणणे

"मला डिस्लेक्सिया आहे" एवढे सांगून कोणत्याही शिक्षकाला काय करावे ते कळत नाही. म्हणून निदानाचे नाव बाजूला ठेवून आम्ही तिच्या वाचनाचे निरीक्षण सुरू केले, आणि निरीक्षक तीच होती. ती वाचत असताना मोबाइलवर आवाज मुद्रित करायचा, नंतर पुस्तकातला उतारा मी वाचताना तिने आपला आवाज त्याच्याशी ताडून पाहायचा आणि कोठे अडलो त्या शब्दाखाली रेघ मारायची. चूक सुधारण्याचा आग्रह या कामात धरला नाही.

काही आठवड्यांत तिला स्वतःलाच एक सूत्र दिसू लागले. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल होत होती, पण ओळखीच्या शब्दांत संदर्भाने ती भरून निघे. खरी अडचण वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे एकत्र आली की होई. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी छापलेली असते आणि उच्चारायची मात्र नंतर. रफार उच्चारात आधी येतो आणि लिपीत पुढच्या अक्षराच्या माथ्यावर बसतो. 'निर्मिती' या शब्दातल्या मधल्या अक्षरात हे दोन्ही प्रकार एकदम येतात, त्यामुळे डोळ्यांचा क्रम एक आणि जिभेचा दुसरा अशी स्थिती होते. सरावलेल्या वाचकाला याची जाणीवही होत नाही. या मुलीला मात्र अशा प्रत्येक अक्षरापाशी थांबून क्रम लावावा लागत होता, आणि विज्ञान-इतिहासाच्या पुस्तकांत 'प्रकाशसंश्लेषण', 'साम्राज्यवाद' असे लांबलचक शब्द ओळीओळीला भेटत असल्याने परिच्छेदाच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरली जात असे.

या निरीक्षणातून तिने तिच्या शब्दांत एक पान तयार केले. त्यावर लिहिले होते: मला ऐकून लगेच समजते, वाचायला इतरांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, दाटीवाटीने छापलेले पान असेल तर ओळ सुटते, सर्वांसमोर अचानक वाचायला सांगितले तर येणारेही येत नाही, उत्तर माहीत असते पण लिहिताना शब्द चुकतात. या पानाचे मोल माझ्या अहवालापेक्षा जास्त आहे असे मी मानते, कारण वर्गावर शिकवणाऱ्या शिक्षकाला उद्यापासून काय बदलायचे ते या पानावरून कळते.

बोलण्याची तयारी

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. आपल्याकडे मुलाने शिक्षकांपुढे आपली गरज मांडणे आणि उलट उत्तर देणे यांतला फरक घरातही फारसा केला जात नाही, आणि मुलीच्या बाबतीत तर त्याहून कमी. ती घरी आरशासमोर सराव करत असताना आजीने विचारले होते, "काय गं, आता तू मास्तरास्नी शिकवणार व्हय?" आजीचे म्हणणे झिडकारून चालणार नव्हते. ज्या घरात मोठ्यांचा मान हा संस्काराचा भाग आहे, तेथे तो मान राखूनही ठामपणे बोलता येते हे मुलीला आणि आजीला दोघींनाही पटणे गरजेचे होते. आम्ही आजींनाच एका सरावाला मास्तरांच्या जागी बसवले. नातीचे बोलणे ऐकून त्या म्हणाल्या, "ह्यात वावगं काय न्हाई," आणि घरातला तो प्रश्न तेथेच मिटला.

तिचा पहिला मसुदा माफीचा होता: "सर, सॉरी, मला जमत नाही, मला जरा वेळ मिळेल का?" हे वाक्य ऐकणाऱ्याला दया दाखवायला लावते. आम्ही त्यात तीन गोष्टी आणल्या: काय होते, काय हवे आहे, आणि माझ्या बाजूने मी काय करीन. विज्ञानाच्या सरांसाठी तिने तयार केलेले बोलणे असे होते: "सर, मला धडा ऐकून कळतो, पण वाचायला वेळ लागतो. प्रकट वाचनाचा परिच्छेद मला आदल्या दिवशी सांगाल का? मी घरी तयारी करून येईन." विज्ञानाचे सर तिने स्वतः निवडले, कारण त्यांची भीती सर्वांत कमी वाटत होती. सोप्या माणसापासून सुरुवात करण्याचा तिचा निर्णय योग्य होता. पहिलाच प्रयत्न सर्वांत कडक शिक्षकांपाशी करायला लावणे म्हणजे मुलाला कायमचे गप्प करणे होय.

नकाराचा सरावही तितकाच केला. "सगळ्यांना नियम एकच," "आधी अभ्यास कर, मग सवलती माग," "आत्ता वेळ नाही," ही वाक्ये मी शिक्षकांच्या भूमिकेतून तिला ऐकवत असे. नकार आल्यावर वाद घालायचा नाही, एकदा शांतपणे पुन्हा सांगायचे आणि तरीही न झाल्यास त्याच दिवशी वर्गशिक्षकांकडे जायचे, एवढे तिने ठरवून घेतले. बोलणे अडलेच तर देण्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीची छोटी चिठ्ठी कंपासपेटीत ठेवली होती.

शिक्षक आणि आई

मुलीला बोलायला शिकवून ऐकणाऱ्यांना तसेच सोडणे हा तिच्यावर अन्याय ठरला असता. शिक्षकसभेत मुख्याध्यापकांनी वेळ दिला. तेथे सर्वांत प्रामाणिक शंका गणिताच्या सरांनी काढली: एकीला जादा वेळ दिला तर बाकीच्या साठ मुलांवर अन्याय होत नाही का? इतिहासाचा पेपर वाचनाचा वेग मोजण्यासाठी काढलेला असतो की इतिहासाची समज मोजण्यासाठी, असा उलट प्रश्न सभेपुढे ठेवला. सरांनी लगेच मान्य केले नाही, आणि ते चांगलेच झाले, कारण त्यामुळे चर्चा खरी झाली आणि अधिनियमातील तरतूद ही मेहेरबानी नसून शाळेचे कर्तव्य आहे हा मुद्दा नीट मांडता आला. शिक्षकांकडे आम्ही एवढेच मागितले की ती बोलायला आली तर तिला पूर्ण बोलू द्यावे आणि उत्तर त्याच वेळी देता येत नसेल तर कधी देऊ ते सांगावे.

आईंबरोबरचे काम अधिक नाजूक होते. पुढच्या पालकभेटीत आधी मुलगी बोलेल आणि तिचे संपल्यावरच आई बोलतील, असे ठरले. त्या भेटीत मुलगी मध्येच थांबली, खोलीत शांतता पसरली, आणि आईंनी पदराचे टोक मुठीत धरून ती शांतता सहन केली. थोड्या वेळाने मुलीने वाक्य पूर्ण केले. आपल्या मुलाची अडखळ पाहूनही न बोलणे हे आईसाठी किती कठीण असते ते त्या भेटीत दिसले.

नकाराचा प्रसंग

दुसऱ्या सत्रातील घटक चाचणीला पर्यवेक्षणासाठी एक बदली शिक्षक आले होते. तिने उभे राहून आपले म्हणणे सांगितले. त्यांनी "मला काही कळवलेले नाही, खाली बस," असे सांगितले. तिने ठरल्याप्रमाणे पुन्हा एकदा सांगितले आणि पुन्हा नकार आला. चिठ्ठी काढण्याचे तिला सुचले नाही. मागून एका मुलाने "जादा वेळ म्हंजे जादा मार्क," असे म्हटले आणि काही जण हसले. पेपर तिने वेळेतच दिला, पण मधल्या सुट्टीत ती एकटी वर्गशिक्षकांकडे गेली आणि घडलेले सगळे सांगितले. वर्गशिक्षकांनी त्याच दिवशी तिला उरलेला वेळ बसवून पेपर पूर्ण करून घेतला, आणि पुढच्या परीक्षेपासून सवलत असलेल्या विद्यार्थ्यांची यादी पर्यवेक्षकांच्या पाकिटात ठेवण्याची पद्धत शाळेत सुरू झाली. त्या यादीचा लाभ आज शाळेतील इतर मुलांनाही होतो.

विज्ञानाच्या सरांनी आनंदाने होकार दिला होता, त्या प्रसंगापेक्षा हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वेळी तिचे कौशल्य आणि सरांचा चांगुलपणा यांतले काय कामी आले ते सांगता येत नाही. दुसऱ्या वेळी चांगुलपणा नव्हता, हसणारी मुले होती, तरीही ती पुढच्या माणसापर्यंत गेली.

वर्गातल्या मुलांना काय सांगायचे हा निर्णय आम्ही तिच्यावर सोपवला. संपूर्ण वर्गासमोर माहिती देण्याचा प्रस्ताव एका शिक्षिकेने मांडला होता, हेतू चांगला होता, पण तिने तो नाकारला आणि फक्त दोन मैत्रिणींना सांगितले. स्वतःविषयी कोणाला किती सांगायचे हे ठरवणे हाही आपली बाजू मांडण्याचाच भाग आहे.

लेखनिकाचा प्रश्न

दहावी सुरू होताच बोर्डाच्या परीक्षेचा विषय निघाला. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाकडे येतात, आणि सवलतींसाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत परीक्षेच्या पुष्कळ आधी द्यावा लागतो. लेखनिक घ्यावा असे आईवडील, मुख्याध्यापक आणि बहुतेक शिक्षकांचे मत होते. जे मिळण्यासारखे आहे ते का सोडायचे, हा त्यांचा युक्तिवाद होता. तिने नको म्हटले.

तिची कारणे तिने नीट मांडली. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणजे तो बहुधा आपल्याच शाळेतला, ओळखीचा असणार, आणि त्याच्यासमोर अडखळत उत्तरे सांगण्याचा संकोच वाटेल. शिवाय मनातले उत्तर हात चालत असताना जुळते, नुसते बोलायला गेले की पुढचे मुद्दे निसटतात. तिची मुख्य अडचण वाचनाची आहे, म्हणून प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारी व्यक्ती, जादा वेळ आणि शुद्धलेखनाची सूट एवढे तिला पुरेसे वाटत होते.

मतांवर वाद न घालता आम्ही दोन सराव प्रश्नपत्रिका घेतल्या, एक लेखनिकासह आणि एक त्याच्याविना, आणि दोन्ही उत्तरपत्रिका तिच्यासह सर्वांनी पाहिल्या. लेखनिकाच्या उत्तरपत्रिकेत चुका कमी होत्या, पण उत्तरे त्रोटक होती. तिच्या हातच्या उत्तरपत्रिकेत शुद्धलेखन ढासळले होते, तरी मुद्दे अधिक आणि क्रमाने आले होते. वडील दोन्ही कागद पुढे धरून म्हणाले, "तिचं तिला कळतंय की." लेखनिक न घेण्याचे ठरले. मिळणारी प्रत्येक सवलत घेतलीच पाहिजे असा आग्रह मोठी माणसे धरतात तेव्हा मूल पुन्हा एकदा दुसऱ्याच्या निर्णयाखाली जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या एखाद्या मुलासाठी, विशेषतः ज्याचे लेखनच मुळात अडते त्याच्यासाठी, लेखनिक अत्यावश्यक असू शकतो, आणि तेही त्या मुलाबरोबर सराव करूनच ठरवायला हवे.

शाळेला द्यायचा अर्ज तिने स्वतः तयार केला. मजकूर मोबाइलवर मराठीत बोलून टाइप केला, मैत्रिणीकडून एकदा वाचून घेतला, दोन वाक्ये बदलली आणि राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला.

आजची स्थिती

तिचा वाचनाचा वेग वाढला आहे, पण तो वर्गमित्रांच्या जवळपासही नाही, आणि दहावीच्या परीक्षेपर्यंत तो तसा होईल असे मानणे चूक ठरेल. गणितातली शाब्दिक उदाहरणे कोणी वाचून दाखवली नाहीत तर अजून अडतात. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार असल्यामुळे तेथील अडचण मराठीहून मोठी आहे, आणि इंग्रजीच्या बाईंशी ती अद्याप बोललेली नाही. त्या रागावतात म्हणून नव्हे, तर आपल्याला नेमके काय हवे आहे हे इंग्रजीच्या बाबतीत अजून सांगता येत नाही म्हणून, असे तिचे उत्तर आहे. त्यासाठी मराठीत केले तसे निरीक्षणाचे काम आम्ही आता इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकावर सुरू केले आहे.

अकरावीला ती वेगळ्या संस्थेत जाईल. तेथे मराठीच्या बाई नसतील, वर्गशिक्षक नसतील आणि यादीचे पाकीटही नसेल. प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्राची प्रत कोणाकडे द्यायची, पहिल्या आठवड्यात कोणत्या शिक्षकांना भेटायचे आणि आपल्या वाचनाचे ते पान नव्या विषयांप्रमाणे कसे बदलायचे, याची आखणी ती सध्या करत आहे, आणि आईंनी प्रवेशाच्या दिवशी फक्त सोबत यावे असे तिने त्यांना सांगून ठेवले आहे.